विमानाच्या पंखाजवळच्या लाइटी

दादा, तुझ्या तेराव्याला मी छान बोलले. त्याचीच आता लाज वाटते आहे.

जेवणाच्या पंगती बसायच्या आधी शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली होती. तू असतास तर मंडपाकडं एकदा बघून शेताची वाट धरली असतीस. सरपंचांनी मोठा फ्लेक्स लावला होता. मधे तुझा गणवेशातला तरुणपणचा फोटो आणि त्याच्या भोवती तीन सोनेरी गोळे. कॅलेंडरवरच्या देवांच्या डोक्यामागं असतात तसे किरण त्यांतून निघालेले. खाली लिहिलं होतं, ‘दिव्य ज्योतींनी ज्यांचे विमान राखले असे धावड्याचे सुपुत्र’. एका गृहस्थांनी भाषणात सांगितलं की, तू गेलास त्या पहाटे त्यांना तुझ्या घरावर उजेड दिसला. त्या पहाटे गावात लाइट नव्हती. मोबाईलच्या उजेडात आम्ही तुझ्या तोंडात पाणी घातलं होतं. हे मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. आम्ही दोघी पदर तोंडाशी धरून बसून राहिलो.

मग माईक माझ्याकडं आला. आष्टीच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलेली बाई मी, चार माणसांत बोलायची सवय आहे. गावाला पाठ असलेली गोष्टच मी पुन्हा सांगितली. एकाहत्तरच्या लढाईत माझा भाऊ बॉम्ब टाकणाऱ्या विमानात नॅव्हिगेटर होता, म्हणजे पायलटला वाट दाखवायची आणि नेम धरून बॉम्ब सोडायचा. एका रात्री सरहद्दीपलीकडचं रेल्वेचं यार्ड उडवून हे दोघे परत येत होते. तेव्हा उजव्या पंखाजवळ तीन नारिंगी लाइटी आल्या. विमान वळलं की त्याही वळायच्या, खाली आलं की खाली यायच्या. आवाज नाही, धूर नाही. सरहद्द जवळ आली आणि दिवा मालवावा तशा गेल्या. मी हेही सांगितलं की, दुसऱ्या महायुद्धात रात्री बॉम्ब टाकायला निघालेल्या विमानांतल्या पोरांनीसुद्धा असले गोळे पाहिले होते. त्यांना वाटायचं, हे शत्रूचं काहीतरी नवं हत्यार आहे. पण त्या गोळ्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही, आणि ते काय होते हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

शेवटी मी म्हणाले, माझ्या भावानं कधी पदरचं घातलं नाही, जे दिसलं तेवढंच सांगितलं. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग शोकसभा आहे हे लक्षात येऊन त्या थांबल्या. मी खुर्चीत बसले तेव्हा, खरं सांगते, मला समाधान वाटलं होतं.

ती गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शाळेत शिकत होते. लढाई संपल्यावर तू सुटीवर आला होतास. अंगणात बाजेवर तू आणि बाबा, खाली सतरंजीवर शेजारपाजारची माणसं, आणि माय दाराच्या चौकटीला टेकून उभी. आज आठवून बघते तर तू लाइटींपासून सुरुवात केलीच नव्हतीस. तू म्हणाला होतास, “बॉम्ब सोडला आन् विमान वळलं, तवा खाली आग दिसली.” बाबांनी विचारलं, दुश्मनाचं काय काय जळालं? सगळे हसले. तू बराबर सांगता येत नाही म्हणालास, आणि मग म्हणालास की, वापस येताना एक अजब गोष्ट झाली. झालं. पुढं कुणी आगीचं नाव काढलं नाही.

लाइटी किती होत्या, असं मायनं दारातूनच विचारलं. “दोन,” तू म्हणालास, “तीन असतील.”

“तीनच,” माय म्हणाली. “माझी लेकरं हैत ती. तुला घरी पोचवाया आल्ती.”

तुझ्या आणि माझ्या मधे मायला तीन मुलं झाली होती. तिन्ही पाळण्यातच गेली. माय त्यांच्याबद्दल कधी बोलायची नाही. त्या दिवसापर्यंत मी तिच्या तोंडून त्यांचा उल्लेखही ऐकला नव्हता. तू तिच्याकडं बघत राहिलास आणि हो म्हणून मान हलवलीस. दुसऱ्या दिवसापासून देवापाशी तीन दिवे लागायला लागले. बायका येऊन पाया पडायला लागल्या, त्यातल्या काहींची मुलं सैन्यात होती. माय जिवंत होती तोवर एकही संध्याकाळ ते दिवे चुकले नाहीत. आणि लाइटी कायमच्या तीन झाल्या.

मी बी. एस्सी. झाले तेव्हा मला वाटलं, आता या अंधश्रद्धेचा निकाल लावायचा. दर उन्हाळ्याच्या सुटीत तुझ्याशी भांडायचे. काचेवरचं प्रतिबिंब असेल. ढगांतली वीज कधी कधी विमानाच्या कडांवर चमकते, ते असेल. रात्रभर जागलेल्या डोळ्यांना असे ठिपके दिसतात, ते तरी असेलच. तू आंब्याची फोड चोखत म्हणायचास, “असंल.” मला राग यायचा. असेल काय? हो म्हण, नाही तर नाही म्हण. तू हसायचास. मायला वाईट वाटेल म्हणून तू नाही म्हणत नाहीस, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. एका बाजूला माय, एका बाजूला मी, आणि मधे तू. हे आपल्या घरातलं मोठं भांडण आहे असं मी लोकांना कौतुकानं सांगायचे. तू त्या भांडणात नव्हतासच, हे मला कळायला तुला जावं लागलं.

निवृत्त होऊन तू धावड्याला परत आलास, शेती बघायला लागलास, तेव्हा मी तुला सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत बोलावलं. तू इतक्या लांब आष्टीला आलास, छातीवर पदकं लावून. मुलं मैदानात बसली होती. तू माईक हातात घेतलास आणि म्हणालास, “मुलांनो, विमानातून खाली पाह्यलं तर माणूस दिसत न्हाई. पण काय जळून राह्यलंय ते कधी कधी कळतं.”

मुलं अगदी शांत झाली होती. मला भीती वाटली की तू आता काहीतरी जड बोलणार, पाहुणे बसलेत, मुलं कंटाळतील. मी बाजूला उभी होते. तुला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “दादा, मुलांना लाइटींचं सांग.”

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही. लहानपणी मी तुझी सायकल मागायचे तेव्हा खाली उतरून ती माझ्या हातात द्यायचास, तसा काहीसा तुझा चेहरा झाला. मग तू लाइटींचं सांगितलंस. टाळ्या पडल्या. घरी जाताना म्हणालास, पोरं चांगली आहेत तुझी.

आणि मागच्या दिवाळीत माझ्या सुमितनं तुझा व्हिडिओ केला. त्याचं ते मोबाईलवरचं चॅनेल आहे, तुला त्याचं कौतुकही होतं. अंगात स्वेटर, पाठीमागं आपली भिंत. त्यानं सुरू करा म्हणताच तू पुन्हा आगीपासून सुरुवात केलीस. सुमित म्हणाला, मामा, आपण डायरेक्ट लाइटींपासून घेऊ, लोक पहिल्या मिनिटातच निघून जातात. मी चिवड्याच्या बश्या घेऊन आले होते. मी हसले, म्हणाले, सांग रे जल्दी, चहा गार होतोय. तू सांगितलंस. ‘परग्रहावरचे पाहुणे’ असं नाव देऊन त्यानं तो टाकला. आधीचा भाग त्यानं तेव्हाच पुसून टाकला होता. तू फोनवर तो पाहिलास आणि परत करताना इतकंच म्हणालास की, आवाज चांगला आलाय.

शोकसभा झाल्यावर जेवणं चालू होती तेव्हा तुझ्या मोबाईलवर फोन आला. मॅथ्यूसाहेब. तुझे पायलट. दर डिसेंबरात त्यांचा फोन यायचा आणि तू तो घेऊन बांधावर जायचास, एवढीच मला त्यांची ओळख. हिंदीत बोलत होते, हळूहळू. गुडघ्यांमुळं केरळातून येता आलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. मी म्हणाले, आजच मी सभेत तुमच्या दोघांच्या त्या रात्रीचं सांगितलं, त्या तीन लाइटींचं.

“दोन,” ते म्हणाले.

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, दोन होत्या, आणि त्या मी पाहिल्या. मग तुझं नाव घेऊन म्हणाले, विश्वनाथनं कुठं पाहिल्या? तो विमानाच्या नाकात पालथा पडून होता, बॉम्ब सोडताना तसंच पडावं लागतं, आणि विमान वळलं तरी तो उठला नव्हता. मी त्याला म्हटलं, उजवीकडं बघ, काय आहे ते. त्यानं एकदा मान वळवली आणि पुन्हा खाली बघायला लागला. मी ओरडलो की, बघ ना. तर तो म्हणाला, “सर, वो कडबा जल रहा है.”

तो शब्द त्यांनी ‘कडाबा’ असा उच्चारला. इतकी वर्षं त्यांनी तो तसाच जपून ठेवला होता. ते शहरात वाढलेले, त्यांना तेव्हा त्याचा अर्थही माहीत नव्हता. खाली उतरल्यावर तू त्यांना समजावून सांगितलंस. ज्वारीची ताटं कापून, वाळवून, गंज रचतात जनावरांसाठी. तुम्ही दोघांनी दोन्ही गोष्टी वरच्या अधिकाऱ्यांना सांगितल्या. आगीची नोंद झाली. लाइटींबद्दल मात्र खूप प्रश्न विचारले गेले, आणि त्यांची उत्तरं मॅथ्यूसाहेबांनी दिली. नारिंगी रंग, बरोबरीनं वळणं, दिव्यासारखं मालवणं, हे सगळं त्यांचं. तू घरी येऊन ‘आम्हाला दिसल्या’ म्हणालास. आम्हाला, म्हणजे विमानाला. त्यात खोटं काही नव्हतं.

दर डिसेंबरात तू त्यांना बांधावर उभा राहून एकच गोष्ट विचारायचास. सर, तुम्हाला काय वाटतं, तिथं वस्ती होती का? आणि ते दरवेळी म्हणायचे, मला माहीत नाही, माझ्यासाठी आग म्हणजे आग. यंदाही त्यांनी तेच सांगितलं होतं. फोनवर ते म्हणाले की, निदान यंदा तरी काहीतरी दुसरं म्हणायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, “आपको तो उसने सब बताया होगा?”

मी हो म्हणाले, दादा. मंडपात पंगत बसलेली, पानात वाढणं चाललेलं, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला मी हो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे गेले. वहिनी ओसरीत गहू निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सूप ओढलं आणि विचारलं की, दादा तुमच्याशी त्या रात्रीचं काय बोलायचा. त्यांनी हात थांबवला नाही.

“मला त्यांनी लाइटींचं कधी सांगितलंच न्हाई, ताई,” त्या म्हणाल्या. “मला आगीचंच सांगायचे.”

लग्न झालं त्या वर्षापासून. तेलाची आग काळी असते, पसरत जाते. लाकडाची बसून जळते. कडब्याची एकदम उभी राहते, लाल होते आणि बसते, मग शेजारची पेटते. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी धावड्यात उन्हाळ्यात गंजी पेटायच्या तेव्हा तू पाण्याच्या घागरी घेऊन पळालेला होतास. त्या रात्री वरून तुला एक उभी राहिलेली दिसली, मग दुसरी, मग तिसरी, एका ओळीत. यार्ड बाजूला अंधारात तसंच पडलेलं. एका ओळीत गंजी कुठं असतात ते तुला ठाऊक होतं. घरांच्या मागं. गंजीला लागून गोठा आणि गोठ्याला लागून माणसं.

मॅथ्यूसाहेब तुला लाइटी बघायला सांगत होते तेव्हा तू हे बघत होतास.

वहिनींनी मग आपल्या शेतातल्या गंजीचं सांगितलं. तू ती घरापासून लांब, पार नाल्याच्या कडेला रचायला लावायचास. गड्यांची कुरकुर व्हायची, पावसाळ्यात चिखल तुडवत वैरण आणावी लागायची. मीही तुला त्यावरून कितीदा चिडवलं असेल. फौजी माणसाची शिस्त, म्हणायचे मी. यावर्षीची गंजही तिथंच आहे. ज्वारी काढून झाली आणि आजारी असतानाच तू ती रचून घेतलीस.

मी वहिनींना विचारलं की, त्यानं हे आम्हाला का नाही सांगितलं. विचारताना माझा आवाज तक्रारीचा निघाला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

“सांगायचे ना,” त्या म्हणाल्या. “दर बारीला तिथूनच सुरू करायचे. मंग तुम्ही लोक लाइटींवर यायचे.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मला म्हणायचे, मायला तिची लेकरं भेटली, कुसुमला तिचं सायन्स भेटलं. राहू दे.”

दादा, मायला तू तिची तिसरी लाइट दिलीस. दोनाच्या तीन केल्यास आणि ती जाईपर्यंत सांभाळल्यास. ती शेवटच्या दिवसांत म्हणायची की, माझी लेकरं मोठ्या भावाच्या कामी आली. हे तुझं देणं मी डोक्यावर घेते. मला जे दिलंस ते मात्र घेववत नाही. मी शिकलेली होते. घरात प्रश्न विचारणं माझं काम होतं. तुझ्याकडं वर्षानुवर्षं प्रश्न घेऊन येत राहिले आणि त्यातला एकही तुझ्याबद्दल नव्हता.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. तिकडून कधी कुणी आलं आणि विचारलं, तर काय उत्तर द्यायचं ते तू ठरवून ठेवलं होतंस. कधीमधी त्यांना म्हणून दाखवायचास. मी विचारलं, काय? त्यांनी सुपातला खडा बाजूला टाकला आणि तुझ्या सुरात म्हणाल्या, “‘मीच सोडला. नेम चुकला. मला वरून दिसलं होतं.’ बस, येवढंच. हात बिलकुल जोडायचे न्हाईत म्हणायचे. हात जोडले की समोरच्याला माफ करावं लागतं.”

मग त्या निवडत राहिल्या. मीही निवडत राहिले. गव्हात फारसं काही नव्हतं निवडायला.

काल सकाळी मी सरपंचांकडं गेले. म्हणाले, तो फ्लेक्स उतरवा. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि अगदी नरमाईनं म्हणाले की, ताई, लोकांची श्रद्धा आहे, महिनाभर तरी राहू द्या. बदलायचाच असेल तर दुसरा मजकूर लिहून द्या, लगेच छापून आणतो. त्यांनी कागदही पुढं केला. मी तो घेऊन बसले. ‘नेम चुकला’ असं तुझ्या फोटोखाली लिहायची माझी हिंमत झाली नाही, आणि दुसरं जे काही सुचत होतं ते लाइटींइतकंच खोटं होतं. चहा पिऊन परत आले. फ्लेक्स अजून आहे. एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्यांना फाट्यावरून दिसतो.

सुमितला मात्र फोन केला. त्याला सगळं सांगितलं, आगीपासून. तो मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, व्हिडिओ काढून टाकतो. मग विचारलं, “आई, मामा तेव्हा किती बोलले होते गं आगीचं? मला आठवतच नाही.” मलाही आठवत नव्हतं. आम्ही दोघं तिथंच होतो.

आज मी आष्टीला परत निघाले. पिशवी भरून झाली होती, वहिनी भाकरी बांधून देत होत्या. मी त्यांना विचारलं की, त्या जागेचं नाव काय होतं, जिथं ते यार्ड होतं, त्याच्या बाजूच्या वस्तीचं. मला वाटलं, त्यांना ठाऊक नसेल. नकाशावरसुद्धा असेल की नाही कोण जाणे.

त्यांनी चटकन सांगितलं. भाकरीच्या फडक्याला गाठ मारता मारता, शेजारच्या गावाचं सांगावं तसं. तुझ्या तोंडून त्यांनी ते किती वेळा ऐकलं असेल. तू नकाशे धुंडाळून ते शोधलं असशील, कुणाकुणाला विचारलं असशील, आणि मग या स्वयंपाकघरात बसून त्यांना सांगितलं असशील.

मी ते नाव म्हणून पाहिलं. मला नीट म्हणता आलं नाही. वहिनींनी मान हलवली आणि पुन्हा एकदा, सावकाश, सांगितलं.